स्वयंपाकघरातला उंदीर

महिन्याभरात तिसऱ्यांदा कॅमेरेवाला काकूंच्या स्वयंपाकघरात स्टुलावर चढला. परगावी राहणाऱ्या त्यांच्या लेकाने सकाळीच त्याला फोनवर झापलं होतं, "मोबाईलवर आई पुन्हा दिसेनाशी झालीये!" केबल तर ठणठणीत होती, कॅमेऱ्यामागची पिन तेवढी कुणीतरी अर्धा फेरा फिरवून ढिली केली होती.

"उंदीर असेल मेला," स्टूल धरून उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या.

"काकू, उंदीर वायर कुरतडतो. पिन फिरवत नाही."

काकू ओशाळल्या. "अरे, मी दिसत असले की लेक मला फोनच करत नाही."

त्याने पिन घट्ट बसवली आणि लेकाला फोन लावला.



"दादा, या उंदराचा काही भरवसा नाही. आई दिसत असल्या, तरी रोज एकदा त्यांना फोन करून विचारत जा."