नाव कुठं गळते?

पाइप नावेत सोडून क्रांतीनं नळ पुरता उघडला आणि घाटावर बसलेल्या मंडळाच्या पोरांनी एकच गिल्ला केला.

"आरं बघा रं! लोक नाव पाण्यात घालत्यात, हिनं पाणी नावंत घातलं!"

"हसा की!" क्रांती म्हणाली. "आतलं पाणी जिथनं बाहेर येतंय, तिथनंच बाहेरचं आत येतंय. एवढं कळंना व्हय?"

अ‍ॅल्युमिनियमची ती नाव कसबा बावड्यातल्या एका तरुण मंडळाची. पंचगंगेला पूर आला की गल्लीबोळांतून माणसं काढायची ती हीच, आणि ती वल्हवायचा क्रांतीचा आज्जा गणपतराव, मंडळाचे आबा. गेल्या पुरात नाव माणसांनी खच्चून भरलेली असताना पत्रे जोडणाऱ्या रिवेटमधून पाणी आत यायला लागलं. बायकांनी तांब्यानं उपसलं म्हणून सगळे काठाला लागले. मग मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष सयाजीदादांनी सांगून टाकलं, "आबांचं वय झालं. भिंतींवर आपटून आपटून रिवेट ढिलं केल्यात. यंदा पोरांतला सम्राट वल्हवंल."

सगळ्यात वाईट म्हणजे आज्जानं ते मान्य केलं. "आपटलीच असंल की," स्वतःच्या हातांकडं बघत तो म्हणाला. "आता कापत्यात हात." त्यानंतर तो नदीकडं फिरकलाच नव्हता. आज क्रांतीनं त्याला अक्षरशः ओढत आणलं होतं. रिवेट ठोकायला दोन माणसं लागतात, आणि दुसरं माणूस तिला हेच हवं होतं.

ओंडक्यांवर चढवलेल्या नावेत पाणी साचलं. क्रांती तळाखाली शिरली. तळ कोरडा. मागची बाजू उंच करून तिनं पाणी पुढं सारलं. डावीकडून नावेचं नाक कोरडं. उजवीकडून मात्र टप्, टप्, टप्! ओल्या पत्र्यावर खडू टिकेना, म्हणून तिनं दप्तरातलं लाल नेलपॉलिश काढलं आणि ठिबकणाऱ्या प्रत्येक रिवेटभोवती गोल काढला. सगळे गोल एकाच जागी दाटीवाटीनं बसले.

"आज्जा, तू काय एकाच जागी आपटतोस व्हय? आन् भिंतीला घासली तर खरचटतंय की. हितं खरचटल्यालं न्हाय. नुसतं वाटीएवढं पोचं पडल्यात."

आज्जा पहिल्यांदाच नावेजवळ येऊन उकिडवा बसला.

पाणी सांडून नाव उन्हात वाळवली. आज्जानं बाहेरून रिवेटच्या डोक्याला लोखंडी ठोकळा दाबून धरला, आतून क्रांतीनं हातोडी चालवली. एकेक सैल रिवेट घट्ट बसत गेला. ठोकळा धरलेला आज्जाचा हात तसूभरही हलत नव्हता. क्रांतीनं ते पाहिलं आणि पुढच्या रिवेटवर हातोडी मारली. मग पत्रा सांधायच्या दोन ट्यूब मिसळून केलेला लगदा प्रत्येक रिवेटवर थापला, पॉलिश पेपरनं पत्रा घासला, प्रायमर मारला, आणि वर पिवळ्याजर्द रंगाचे दोन हात. पुन्हा पाणी भरून बघितलं. एक थेंब पडला असेल तर शपथ!

नाव नदीत सोडायच्या दिवशी अख्खं मंडळ घाटावर जमलं. सम्राट वल्हं घेऊन तयार होता. आज्जा मागं, गर्दीच्या कडेला उभा होता. सयाजीदादांनी नावेला हळदकुंकू वाहिलं, नारळ उचलला आणि नावेच्या नाकाच्या उजव्या बाजूवर नेम धरला.

क्रांती पुढं धावली आणि बरोबर त्या जागेवर तिनं हात ठेवला.

"दादा, दरवर्षी हितंच फोडता?"

"मग! अध्यक्षाचा मान हाय त्यो," सयाजीदादा छाती फुगवून म्हणाले. "आन् असा दणका देतोय, की घाट हादरतोय. इचार कुणाला बी!"

क्रांतीनं त्यांचा मोकळा हात धरला आणि नव्या रंगावरून फिरवला. रंगाखालच्या लगद्याच्या गाठी बोटांना लागत गेल्या. एक, मग दुसरी, मग शेजारची तिसरी. सयाजीदादांचा हात थांबला. त्यांनी नारळाकडं पाहिलं. मग नावेकडं. मग गर्दीच्या कडेला.

"आयला," ते हळूच म्हणाले. "आबा..."

सम्राटनं पुढचं ऐकायची वाटही बघितली नाही. गर्दीतून सरळ जाऊन त्यानं वल्हं आज्जाच्या हातात दिलं.

नाव पाण्यात सरकली. आज्जानं वल्ह्याचा पहिला हात मारला, नाव झोकात वळवली आणि अख्ख्या घाटाला ऐकू जाईल असा ओरडला, "सयाजी, नारळ पायरीवर फोड, आन् फोड दणकून! दगडाला रिवेट नसत्यात!"