नॉर्मल रिपोर्ट

चाकणच्या आमच्या कंपनीत मी पर्मनंट, म्हणून मला बीपी परवडायचं. रोहिदास कंत्राटी. दरवर्षी कंपनीचं मेडिकल चेकअप जवळ आलं की तो माझ्याकडे यायचा.

"भावा, बीपी जास्त निघालं तर गेटपास जाईल. तुझ्या गोळ्या दे."

मी तीन दिवसांच्या तीन गोळ्या द्यायचो. रिपोर्ट नॉर्मल यायचा.

काल तो लाइनवरच कोसळला आणि दवाखान्याच्या वाटेतच गेला.

"बीपी होतं का यांना?" डॉक्टरांनी विचारलं.

जयमालावहिनींनी पिशवीतून पाच वर्षांचे रिपोर्ट काढून पुढे केले. "नाही ओ. दरवर्षी तपासायचे, नॉर्मलच यायचं. भाऊंना विचारा की."

डॉक्टर माझ्याकडे वळले.

मी ती गोळी रोज सकाळी न चुकता घेतो. त्याला वर्षाला तीनच दिल्या.