डावीकडचा ब्रेक

"माहा पाय एकदाबी दाबला गेला, तं नोकरी विसरायची. कबूल?" अभनपूर मागे पडून जंगलातला रस्ता सुरू झाला, तसं मारोतीनं पुन्हा बजावलं.

"हव, बाबा," चेतना म्हणाली आणि तिनं उसनी आणलेली जीप फोर-व्हीलवर घातली.

मारोतीसमोर ब्रेक नव्हताच. तो डाव्या सीटवर होता. पण सारा जन्म सरकारी जीप चालवण्यात गेलेला. गाडी दुसऱ्याच्या हाती असली की त्याचा उजवा पाय आपोआप खालचा पत्रा दाबायचा. जित्याची खोड. थोरला मुलगा यशदीप जंगलातल्याच एका नाल्यात जीपसकट उलटून गेला, तेव्हापासून तर रायपूरच्या ऑटोतही तो पाय स्वस्थ बसत नसे.

रायपूर राजधानी होऊन नवं राज्य झालं आणि जंगल खात्यात जागा निघाल्या. चेतना रेंजर म्हणून निवडली गेली. नेमणूक पार आतल्या भागात, ड्रायव्हर मिळेपर्यंत जीप स्वतःच चालवायची. पेढे वाटायचे सोडून घरात सुतक आलं. पोरगा गेला, आता पोरगी घालवायची काय, म्हणून आई रडली. शेवटी बापानं ही परीक्षा ठेवली.

पहिला चढ मुरमाचा होता. चाकं जागीच फिरली, घसरली, मग चढली. चेतनानं हळूच खाली पाहिलं. पाय हलला नव्हता. झाडांच्या मुळांवरून जीप हेंदकाळत गेली, तेव्हाही नाही.

मग नाला आला. उतार सरळ खाली, तळाशी पाणी आणि गोटे. चेतनाला भाऊ आठवला. आता तिनं बापाकडे पाहिलंच नाही. पहिला गिअर टाकला, ब्रेकवरचा पाय काढला आणि जीप इंजिनाच्या भरवशावर सोडली. मधेच मागचं चाक गोट्यावरून सटकलं. जीप एका अंगाला कलली, सावरली, पाण्यातून गेली आणि समोरच्या काठावर चढली.

तिनं गाडी थांबवली.

"बाबा, नाही दाबला ना? जीत गई ना मैं?" म्हणत ती वळली.

मारोतीची एक चप्पल खाली पडली होती. उजवा पाय त्यानं सीटवर ओढून घेतला होता आणि दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरला होता. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही हात मोकळा नव्हता.

"नाला दिसला तवाच वर घेतला," तो म्हणाला. "खाली असता तं दाबलाच असता, बेटा."