मुदत

"स्कॉटलंडमधून समुद्रापलीकडच्या अल्स्टर प्रांतात आलेली ही माणसं पुढे अमेरिकेला निघाली. जहाजाच्या भाड्यापायी कित्येकांनी काही वर्षं राबायचं लिहून दिलं. मुदत संपेपर्यंत मालकाचं घर सोडायचं नाही, आईबाप वारले तरी," शिकवताना संजीवनीचा आवाज कापरा झाला.

"मालकांना काहीच वाटायचं नाही?" एका मुलीनं विचारलं.

"वाटायचं ना! आपण किती चांगले, यांना घरातल्यासारखं ठेवतो, असं वाटायचं."

संध्याकाळी ती क्लेमेंटी भागातल्या आपल्या फ्लॅटवर पोचली, तर परदेशातून येऊन घरकाम करणारी मर्लिन ओट्यापाशी रडत होती.

"मॅडम, आई गेली. माझा पासपोर्ट द्या ना."

कपाटाची किल्ली संजीवनीच्या पर्समध्येच होती. तिनं मर्लिनला जवळ घेतलं.

"आता जाऊन ती परत येणार आहे का? माझ्या अदितीची परीक्षा होऊ दे, मग बघू. रडू नकोस गं. तू काय परकी आहेस? घरातलीच आहेस आमच्या."