फुकटचं वायफाय

शेजारच्या अमरचं वायफाय भोजराजला फुकट मिळतच होतं. आता अमरच्या बहिणीला, हर्षाला, पाहून गेलेले करडी गावचे पाहुणे आपल्या लेकीकडे, रिताकडे, वळवले, की शेजार पुरता वसूल होणार होता.

त्यानं पाहुण्यांना व्हिडिओ कॉल लावला. मोबाइल टीव्हीला जोडताना यादीत दोन टीव्ही दिसले; त्यानं वरचा दाबला. घरचा टीव्ही काळाच राहिला. मग तो मोबाइलवरच बोलू लागला, "हर्षा लय भांडकुदळ हाये जी! आमची रिता म्हणजे गाय."

भिंतीपलीकडून अमर ओरडला, "भोजराजभाऊ, सारं आमच्या टीव्हीवर येऊन राहिलं. मायले कमी ऐकू येते, जरा जोरात बोला!"

पाहुण्यांनीही ते ऐकलं. नेट अमरचं गेलं, सोयरीक भोजराजची.