तिथलं घड्याळ

"अजून पाच मिनिटं विमान थांबवा ना, बाबा," धाकटी म्हणाली.

"पाच-पाच करत दहा झाली. आई काही आता यायची नाही."

त्या इवल्याशा विमानतळावर सगळं काही बाबाच होते. सामान तोलायचे तेच, तिकिटं बघायचे तेच आणि रेडिओवर बोलायचेही तेच. त्यांच्या खुर्चीमागे दोन घड्याळं होती. एकाखाली लिहिलं होतं 'इथलं', दुसऱ्याखाली 'तिथलं'. तिथलं अर्धा तास मागे. मधे दोनशे दहा किलोमीटर नुसतं पाणी, ना बेट ना मोबाइलचा टॉवर. प्रवास पन्नास मिनिटांचा.

या अर्ध्या तासाच्या गणितात धाकटी पटाईत होती. आईला ते कधीच जमलं नाही. "माझ्या घरात एकच वेळ चालते," असं म्हणून ती विषय संपवायची.

ताईला पलीकडे नोकरी लागली आणि आईचं डोकं फिरलं. चार दिवस दोघींचा अबोला. आज निरोपालाही आई आली नाही. धाकटीच्या हातात तेवढा एक स्वेटर कोंबला.

"तिथे तर उकडतं म्हणे," ताई तो घेत म्हणाली. पुन्हा एकदा तिने फाटकाकडे पाहिलं. "आईला सांग, पोहोचले की पहिला फोन तिलाच करणार. उचल म्हणावं."

इथल्या दहा वाजून दहा मिनिटांनी विमान उडालं.

धाकटीची सायकल नेमकी वाटेत पंक्चर झाली. ढकलत ढकलत ती घरी पोहोचली तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. आई पोळ्या लाटत होती. डोळे सुजलेले, पण चक्क गुणगुणत होती.

"आला तिचा फोन," आई म्हणाली. "साडेदहाला. आई, पोहोचले म्हणाली. आता रागावू नकोस म्हणाली."

"आणि तू?"

"मी कशाला रागावतेय? गारठलेय म्हणत होती. स्वेटर दिला ते बरं झालं."

धाकटीने मनातल्या मनात आकडे मांडले. तिथले साडेदहा म्हणजे इथले अकरा. दहा-दहाला निघालं, पन्नास मिनिटं. अगदी चोख. तिने ऐटीत बाबांना फोन लावला.

पहिल्याच घंटेला त्यांनी उचलला. "कोण?"

"मी. ताई पोहोचली."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कोण म्हणालं?"

"तिचाच फोन आला होता आईला. तिथल्या साडेदहाला."

"तिला फोन लागला? मी केव्हाचा लावतोय, तिथलं कुणी उचलतच नाही."

"बाबा, ती ताई आहे. लावल्याशिवाय राहणार आहे का?"

बाबा हसले. हसता हसता त्यांचा आवाज फुटला. "अगं, साडेदहापासून विमानाचा रेडिओ गप्प आहे. आपल्या साडेदहापासून. तेव्हापासून मी फोन सोडलेला नाही. पोहोचली ना? मग रेडिओच बिघडला असणार."

फोन ठेवून धाकटी वळली. "काय आईसाहेब, शेवटी तिथलं घड्याळ मानलंत म्हणायचं."

"कसलं तिथलं?" आईने लाटणं भिंतीवरच्या घड्याळाकडे रोखलं. "फोन वाजला तेव्हा यात बरोब्बर साडेदहा झाले होते."