सर्वात खालची फरशी

मिस ओडीलनी (इथं वयस्क बाईला, लग्न झालेलं असलं तरी, आदरानं 'मिस'च म्हणतात) घर विकायला काढलं, म्हणून पूरपातळीच्या दाखल्यासाठी मी मोजणी केली. घर खांबांवर, सतरा पायऱ्या वर. खाली मात्र एक खोली बांधलेली.

वर जाऊन मी म्हणालो, "ती खोली पाडा, मिस ओडील. नाहीतर दाखल्यावर तीच घराची फरशी धरतात. मग पुराचा विमा इतका महागतो की गिऱ्हाईक फिरकणार नाही."

"माझ्या नवऱ्याला, अल्सीदला, शेवटी पायऱ्या चढवेनात, म्हणून बांधली. तिथंच गेला तो." त्या हसल्या. "आता मला उतरवत नाहीत. बाळा, आत डोकावलास ना? त्याचे कोळंबी पकडायला जायचे पांढरे बूट दाराशीच आहेत?"

गेल्या पुरानं खोलीतलं सगळं धुऊन नेलं होतं. भिंतीवर नुसती गढूळ रेघ होती.

दाखल्यावर कधी अर्धा इंचही खोटा न लिहिणारा मी म्हणालो, "आहेत ना. आत्ताच काढून ठेवल्यासारखे."